आडोशाचा गेटपास

दापोडीच्या भीमराजनं सगळ्या जन्मात दोनच अर्ज केले. पहिला नोकरीसाठी, तो दुसऱ्याच कुणी लिहून दिला होता, म्हणून पार पडला. दुसरा लाकडासाठी, तो त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आणि सगळा घोळ तिथंच सुरू झाला.

साल चौऱ्याहत्तर, मे महिना. पिंपरीच्या त्या कंपनीत परदेशातून यंत्रं येत ती भल्यामोठ्या देवदारी खोक्यांतून. यंत्र बाहेर काढून शॉपमध्ये बसवलं की खोकं उकलायचं आणि त्याचं लाकूड कामगारांना पाळीपाळीनं द्यायचं, असा रिवाज होता. पिंपरीपासून दापोडीपर्यंत कितीतरी घरांतल्या मांडण्या, कॉट आणि न्हाणीची दारं त्या लाकडाची होती. कुणाच्या दारावर जर्मन अक्षरं, कुणाच्या पाळण्यावर वजनाचा आकडा. नंबर दीड-दोन वर्षांनी एकदा लागायचा. भीमराज नशीब वगैरे मानणाऱ्यातला नव्हता, पण नेमका त्याच गुरुवारी त्याचा नंबर लागला तेव्हा त्याला मनातून बरं वाटलं.

कारण शुक्रवारी सून येणार होती.

घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, वर पत्रा. पंधरा दिवसांपूर्वी जयसिंगचं लग्न झालं. पद्मा चार दिवस राहून माहेरी गेली. त्या चार दिवसांत घरात अकरा पाहुणे होते, त्यामुळे एकांताचा विषय कुणाच्या डोक्यातही आला नाही. पाहुणे गेले आणि तो विषय खोलीच्या मध्यभागी येऊन बसला. उन्हाळ्याचं काही नाही, म्हाताऱ्यांनी अंगणात बाज टाकावी. पण पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता.

जयसिंग भोसरीच्या एका कारखान्यात होता. बोलायला आधीच कमी, त्यात या बाबतीत तर तो बापाशी मेला तरी बोलला नसता. त्यानं गुपचूप दोन गोष्टी केल्या. आधी कायमची रातपाळी मागितली. लग्नाला पंधरा दिवस झालेला पोरगा स्वतःहून रातपाळी मागतो, हे ऐकून त्याच्या टाइम ऑफिसात लोक खुर्च्यांवरून उठून त्याला बघायला आले म्हणे. आणि मग भोसरीतच एक खोली बघून ठेवली.

ही दुसरी बातमी सोजरबाईनं कुठून काढली कोण जाणे. बुधवारी भाकरी वाढताना ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगं भोसरीला निगालं. खोली बगितलीया."

भीमराजचा घास हातातच राहिला. पोरगा एकुलता एक. संध्याकाळी दोघं बापलेक दारात बसून एकही शब्द न बोलता बिडी-चहा करत, ते एवढंच भीमराजचं सुख होतं, आणि आता ते जाणार होतं. पण असलं काही बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

"उद्या आडोसा आनतो," तो म्हणाला. "लाकडाचा नंबर हाय माजा."

"उद्याच आना," सोजरबाई म्हणाली. "परवा ती आली आन खोली अशीच दिसली, का गेला तुमचा पोरगा."

तर असा तो अर्ज. नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, खातं लिहिलं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं 'लाकूड कशासाठी हवे'. भीमराजनं लिहिलं, 'घरगुती'.

स्टोअर्सच्या खिडकीत सदाशिवराव बसायचे. चष्मा नाकाच्या टोकावर, बाह्यांना शाई लागू नये म्हणून कापडी मोजे, आणि नियमाला असे पक्के की स्वतःच्या लग्नाच्या रजेचाही अर्ज त्यांनी तीन प्रतींत दिला होता, अशी त्यांची ख्याती. पहिली पाळी साडेतीनला सुटली होती आणि खिडकीपुढे वीस-पंचवीस जणांची रांग होती.

"घरगुती म्हणजे काय?" सदाशिवरावांनी विचारलं.

"घरात वापराया, साहेब."

"ते सगळेच घरात वापरतात. गेल्या महिन्यात एकानं घरगुती लिहिलं आणि नाक्यावर पानाची टपरी उभी केली. कारण स्पष्ट लिहा."

भीमराजनं मागे बघितलं. मागे चिमाजी उभा होता, त्याच्याच खात्यातला, नुसता सोबतीला आलेला, आणि चिमाजीला कळलं की ते पिंपरीला कळलं. भीमराजनं अर्ज परत घेतला, पेन घट्ट धरलं आणि 'घरगुती'च्या पुढं एकच शब्द लिहिला. आडोसा.

सदाशिवरावांनी वाचलं. मग वर बघितलं. "घरात कोण कोण असतं?"

"मी, मंडळी, पोरगा." भीमराज घुटमळला. "आन सून. नवीन हाय."

रांगेतली माणसं आपापल्या अर्जांत बघायला लागली. सदाशिवरावांनी पासवर आधीच लिहिलेलं 'तीन बाय चार, नग एक' हे दोन रेघांनी खोडलं, वर काहीतरी नवीन लिहिलं, सही ठोकली आणि पास खिडकीतून सरकवला.

"मोठं घ्या," ते म्हणाले. "पुढचा."

मोठं म्हणजे खोक्याची एक अख्खी बाजू. सहा फूट उंच, पाच फूट रुंद, फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. एका अंगाला काळ्या रंगात तीन चित्रं उमटवलेली: उघडी छत्री, काचेचा पेला आणि वर तोंड केलेला बाण. एवढी मोठी गोष्ट मिळाल्यावर माणूस आधी हरखतो आणि मग सायकलीकडे बघतो. भीमराजनंही तेच केलं.

"आडवी बांधली तर ट्रकवाला घेऊन जाईल," चिमाजी म्हणाला. "उभी बांध राव. कॅरेजवर, पाठीमागं. टेकून बसशील मस्त." त्यानं स्वतः दोरी आवळून दिली, चार गाठी मारल्या, आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन खिडकीची जागा पकडली. सल्ला देणारा माणूस नेहमी बसनं जातो, हे भीमराजच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

गेटवर दौलतराव. फौजेतून निवृत्त झालेला वॉचमन. त्यानं पास उलटसुलट करून वाचला, वीत टाकून लाकूड मोजलं, आणि शिक्का मारला. तोवर भोसरीच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. वळीव येणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण भीमराजनं हिशेब केला, दापोडी काही लांब नाही, येईपर्यंत आपण घरात. मागे लाकडी भिंत घेऊन तो एखाद्या सरदारासारखा ताठ बसला आणि निघाला.

पन्नास पावलं गेला असेल नसेल, समोरून धुळीचा लोट उठला. वारा आला तो सरळ छातीवर, आणि छातीवर जेवढा आला त्याच्या दसपट पाठीमागच्या भिंतीवर. पायडल मारतोय, मारतोय, आणि रस्त्याकडेचा मैलाचा दगड जागचा हलत नाही. मग तो दगड पुढं जायला लागला. म्हणजे सायकल मागं चालली होती. भीमराजनं हँडल वळवलं, तशी सायकल गर्रकन फिरली, आणि आता पाठीवर घेतलेल्या वाऱ्यानं त्याला जसा उचलला तो थेट कंपनीच्या गेटात आणून उभा केला.

दौलतराव दोन्ही हात पसरून आडवा झाला. "आत यायचं न्हाई."

"दौलतराव, मी येत न्हाई. वारा आनतुया."

"लाकूड आत आनायला इनवर्ड पास लागतो. तुझा आउटवर्ड हाय."

"आवो, पन हे हितलंच लाकूड हाय. आत्ता तुमीच सोडलंया."

"सोडलं तवा भाईर गेलं. भाईर गेलं ते भाईरचं." दौलतरावची टोपी उडाली, तरी त्यानं हात खाली घेतले नाहीत. "वाऱ्याला पास लागत न्हाई, लाकडाला लागतो. मागं हो."

मागं होणार कसा? शेवटी दौलतरावनंच खांदा लावून ती सायकल, तो माणूस आणि ती भिंत गेटाबाहेर रेटून धरली. असे ते दोघं नियमाच्या रेषेवर पाच मिनिटं एकमेकांना ढकलत होते. तेवढ्यात वीज कडाडली, टपटप थेंब पडले आणि वाऱ्यानं बाजू बदलली.

आता भीमराजला काही करायचं कामच उरलं नाही. त्यानं पायडलवरून पाय काढले, कारण सायकल त्याच्या पायांपेक्षा जोरात पळायला लागली होती. ब्रेक दाबला, पण रबर भिजलेलं, ब्रेकनं नुसता कुई आवाज केला. मुंबई-पुणे रस्त्यावरून तो असा सुटला की टपऱ्यांतले लोक चहा सोडून बघायला लागले. पुढं कंपनीची बस संथ चालली होती. भीमराज तिच्या उजव्या अंगानं पुढं गेला. जाताना खिडकीत चिमाजीचं तोंड दिसलं, उघडं, आणि त्यात अर्धं केळं. दुसऱ्या दिवशी चिमाजीनं सगळ्या खात्यात सांगितलं, की भीमराज उडत गेला, आणि वर शपथ घेतली. यावर कुणी विश्वास ठेवला नाही, म्हणून यात थोडं खरं होतं हेही कुणाला कळलं नाही.

कासारवाडीपाशी गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. डोक्यावर टोपी होती म्हणून डोकं राहिलं. डोळे मिटून घेतले तेव्हा रस्ता सरळ होता, उघडले तेव्हा समोर कडब्याची गंज होती. भीमराज तिच्यात सायकलीसकट कंबरेपर्यंत घुसला, आणि सुटलेली लाकडी बाजू त्याच्या अंगावरून जाऊन पलीकडं पडली.

"अहो, जपून," गंजीच्या आडून कुणीतरी म्हणालं.

सदाशिवराव होते. गंजीला सायकल टेकवलेली, हातात उलटी झालेली छत्री, आणि टकलावर एक टेंगूळ. ते रोज याच रस्त्यानं कासारवाडीला घरी जात, आणि आज भीमराज लाकूड बांधत होता तेव्हाच खिडकी बंद करून पुढं निघाले होते. दोघांनी मिळून लाकूड उचललं, गंजीला तिरकं टेकवलं आणि त्याच्याखाली शिरून उकिडवे बसले. वर गारा अशा वाजत होत्या की ओरडूनच बोलावं लागत होतं.

चित्रं आतल्या बाजूला आली होती, दोघांच्या नाकासमोर. सदाशिवरावांनी सवयीनं चष्मा पुसला आणि ती तपासली. "ही छत्री आहे ना, याचा अर्थ हा माल भिजवू नये. पेला म्हणजे आदळू नये. आणि बाण वरच राहिला पाहिजे, उलटा करू नये."

भीमराजनं बाणाकडे बघितलं. बाण जमिनीकडे होता. "तिनीबी झालं, साहेब," तो म्हणाला.

सदाशिवराव हसले. त्यांना हसताना भीमराज पहिल्यांदाच बघत होता. मग एकदम, आपलं आपल्यालाच सांगावं तसं, ते बोलायला लागले. माणूस ओरडून बोलायला लागला की खासगी गोष्टीही ओरडूनच सांगतो.

"माझं लग्न झालं तेव्हा आम्ही चिंचवडगावात होतो. दोन खोल्या, माणसं नऊ. लग्नानंतर वर्षभर बायकोशी बोललो ते सगळं कुजबुजत. वर्षानं इथं कासारवाडीला जागा मिळाली. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, दूध उतू चाललंय. मी दचकलो. घरात ही परकी बाई कोण आली? मी तोवर बायकोचा आवाजच ऐकला नव्हता, भीमराज. नुसती कुजबुज ऐकली होती."

भीमराजला हसू आलं आणि त्याच वेळी त्याला त्या माणसाची फार कीव आली. त्यानं त्यांच्या टकलावरचं कडब्याचं पान तेवढं काढून टाकलं.

गारा थांबल्या, पाऊस मात्र धो धो चालूच होता. भीमराज उठला. अंधारायच्या आत लाकूड उभं करायचं तर निघायलाच हवं होतं. सदाशिवरावांनी दोरीची दोन टोकं धरून दिली, आणि कमी पडली तिथं स्वतःच्या सायकलीच्या कॅरेजची दोरी सोडून दिली. या खेपेला लाकूड आडवं बांधलं.

"रांगेत कारण लिहायला लावलं, ते मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "तो नियम आहे."

"तसं काय न्हाई, साहेब."

"मोठं दिलं, तो मात्र नियम नाही. कुठं बोलू नका."

भीमराज दापोडीला पोचला तेव्हा गल्लीचा ओढा झाला होता. पाण्यातून सायकल ढकलत तो घरापाशी आला आणि थबकला. दार लोटलेलं. आणि बाहेर, वीतभर वळचणीखाली, भिंतीला पाठ लावून सोजरबाई उभी. नखशिखांत भिजलेली. पायाशी हंडा, तो भरून वाहत होता.

"तू भाईर काय करतीस?"

"पानी भरती," सोजरबाई म्हणाली.

"हंडा भरलाय की."

"पद्मी आली," सोजरबाई ओरडून म्हणाली, कारण पत्र्यावर पावसाचा असा दणका होता की कानाशी बोललेलं ऐकू येत नव्हतं. "तिच्या भावाला उद्याची रजा गावली न्हाई, म्हनून आजच सोडून गेला."

"मग?"

"मग काय मग? जयसिंगची आज सुट्टी हाय."

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, बापाच्या कंपनीला रविवारची. भीमराजला हे पाठ होतं, तरी उलगडायला त्याला थोडा वेळ लागला. उलगडलं तसा तो लाजला आणि भिंतीकडे बघायला लागला.

"शेजारच्या गिरजाबाईकडं जाऊन बसायचं व्हतं."

"आन ती इचारती ना, एवड्या पावसात घर सोडून का आलीस म्हनून? सगळ्या गल्लीला सांगू?" सोजरबाईनं हंड्यातलं पाणी ओतलं आणि तो पुन्हा पागोळीखाली लावला. "चौथ्यांदा भरतीया."

भीमराजनं दोऱ्या सोडल्या. लाकूड घरात न्यायची सोय नव्हती, तेव्हा त्यानं ते बाहेरच्याच भिंतीला तिरकं टेकवलं आणि बायकोला हाताला धरून खाली बसवलं. स्वतः शेजारी बसला. पाच फूट रुंद, दोघांना पुरून उरत होतं. पाऊस वरून ओघळून समोर पडद्यासारखा पडत होता, गल्ली दिसत नव्हती आणि गल्लीला ते दिसत नव्हते.

आतून हसण्याचा आवाज आला. पोरगी हसत होती, आणि पाठोपाठ जयसिंग. पत्र्याच्या आवाजावरही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. तो असा हसू शकतो हे बापाला माहीत नव्हतं.

"किती मोठं आनलं," सोजरबाई फळ्यांवरून हात फिरवत म्हणाली. ती बोलत होती घसा ताणून, आणि भीमराज तिच्याकडे बघतच राहिला. पंचवीस वर्षं झाली होती लग्नाला. आधी त्याची आई आणि दोन भाऊ त्याच खोलीत, मग जयसिंग. दिवसा ती जे बोलायची ते सगळ्यांसाठीच असायचं. त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली ती कुजबुज.

"आपल्या वेळंला असं कुनी आनलं न्हाई," ती म्हणाली. सहज म्हणाली, तक्रार नव्हती त्यात.

भीमराजला फार वाईट वाटलं. एरवी त्यानं ते गिळलं असतं, पण इतक्या आवाजात गिळलेलंही कुणाला कळलं नसतं. "मला सुचलंच न्हाई गं कदी," तो ओरडून म्हणाला.

"सुचून काय करनार व्हता? आडोसा लावला असता तर सासूबाई कुठं झोपल्या असत्या?" ती हसली आणि पाण्याच्या धारेपासून आत सरकली, त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत.

वळवाची एक खोड आहे. तो थांबतो ते सांगून थांबत नाही. पत्र्यावरचा दणका एकाएकी बंद झाला, पण आतल्या दोघांचे आवाज तेवढेच मोठे राहिले.

"तर मग सांग, भोसरीची खोली ठरवू का नको?" जयसिंग आत ओरडत होता. "तिथं आपन दोघंच असू."

"नको," पद्मा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "आत्या मघापासून पानी भरत्यात. एक हंडा भरायला घंटा लागतो व्हय? भोसरीला आपल्यापायी भाईर भिजत कोन उभं ऱ्हानार?"

मग आतले आवाज एकदम खाली आले. पाऊस थांबल्याचं आता आतही कळलं होतं.

भीमराजनं बायकोकडे बघितलं. ती पदरानं तोंड पुसत होती, आणि सगळं तोंडच ओलं असल्यामुळे नेमकं काय पुसत होती ते कळत नव्हतं. तो लाकूड उचलायला उठू लागला, तशी तिनं त्याची बाही धरली.

"बसा वाईच," ती म्हणाली. सवयीनं तिचा आवाज पुन्हा खाली आला होता. "आत नेलं का मग ते पोरांचं झालं."

भीमराज परत खाली बसला. हंडा भरला होता, गल्लीत माणसं बाहेर पडू लागली होती, आणि फळीवरची छत्री त्यांच्या डोक्यावर उलटी उघडलेली होती.